मूल हट्ट का करतं, आणि तेव्हा घरच्यांनी काय करायचं

दोन-अडीच वर्षांच्या मुलाने दुकानात लोळण घेतली की आजूबाजूच्यांचा निकाल ठरलेला असतो: लाडावून ठेवलंय. घरी आल्यावर तोच निकाल आजी देते, मग फोनवर आत्या देते, आणि रात्री आई-बाबा एकमेकांना देतात. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. त्या मुलाला नेमकं काय होत होतं, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

स्वतःला आवरणं हे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम. तो भाग पूर्ण तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. राग, भीती, भूक मात्र तान्हेपणापासूनच पुऱ्या ताकदीने येतात. म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलाबद्दल ‘मुद्दाम करतो’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्याला जमत नसतं. आणि जे जमत नाही ते ओरडून जमत नाही, शिकवून जमतं.

पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या, असा माझा आग्रह आहे. बहुतेक घरांत सुरुवात शिस्तीपासून होते. खरं तर ती पाचवी पायरी आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त लिहा

एक साधी वही घ्या आणि चार रकाने आखा. किती वाजले होते, आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. बाजूला दोन नोंदी हव्यातच: शेवटचं खाणं कधी झालं आणि शेवटची झोप कधी झाली.

लिहिताना ‘हट्टीपणा केला’, ‘ऐकलं नाही’ असं लिहू नका. ‘चप्पल फेकली, दाराशी बसला, आईला ढकललं’ असं डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. आठवड्याअखेरीस वही वाचली की ‘दिवसभर किरकिर करते’ असं वाटणारी मुलगी प्रत्यक्षात संध्याकाळी सहा ते आठमध्येच किरकिर करते, किंवा पाळणाघरातून आणल्यावर पहिला अर्धा तासच, असं काहीतरी हाती लागतं. एकदा वेळ कळली की कारण शोधणं पुष्कळ सोपं होतं.

दुसरी पायरी: आधी शरीर तपासा

झोप सर्वांत आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची झोप धरून. आता आपल्या घरांचं वेळापत्रक पाहा. बाबा नऊला येतात, जेवण साडेनऊला, त्यानंतर खेळ, आणि मूल झोपतं अकराला. सकाळी सातला शाळेसाठी उठवलं तर रात्रीचे झाले आठ तास, आणि दुपारी झोपायची सवय मोडलेली. असं मूल पेंगत नाही. उलट ते जास्त धावतं, जास्त ओरडतं, क्षुल्लक कारणावर भोकाड पसरतं. मोठ्यांना वाटतं याच्या अंगात फारच ऊर्जा आहे. बाबा घरी येण्याआधी मुलाचं जेवण उरकून घ्या, बाबांच्या वाट्याला झोपतानाची गोष्ट द्या, आणि झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत न्या. दोनेक आठवड्यांत फरक दिसतो.

मग भूक. लहान मुलाला दर दोन-तीन तासांनी काहीतरी लागतं. बाहेर पडताना पिशवीत केळं, चिक्की नव्हे तर मऊ लाडू (चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात दाणे अडकू शकतात), किंवा घडी घातलेली पोळी ठेवा.

पोट साफ नसणं हे चिडचिडीचं फार दुर्लक्षित कारण आहे. शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवतं, ती आणखी कडक होते, आणि दिवसभर अंगात अस्वस्थपणा राहतो. ते बोलून दाखवता येत नाही, मग ते खेळण्यांवर आणि धाकट्या भावंडांवर निघतं. कानदुखी, जंत, दाढा येणं, याही गोष्टी विचारात घ्या.

आणि लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. दर तीन मुलांमागे दोन. अशी मुलं लवकर थकतात, चिडतात, खायला नाही म्हणतात. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारं मूल जेवत कमी आणि त्याला लोहही कमी मिळतं, म्हणून ‘जेवत नाही तर निदान दूध तरी’ हा उपाय उलटा पडतो. चहात बिस्कीट बुडवून देणंही थांबवा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा. लोहाचं औषध मात्र डॉक्टरांनी तपासल्यावरच द्या.

काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. घरच्यांची पाचावर धारण बसते आणि मग मूल म्हणेल ते घरात होऊ लागतं. मूल हे ठरवून करत नाही. आडवं करून कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, गदागदा हलवू नका. श्वास आपोआप सुरू होतो. पहिल्यांदा असं झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. याचा लोहाच्या कमतरतेशी संबंध असू शकतो आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

तिसरी पायरी: वयाला झेपेल तेवढीच अपेक्षा

वर्षाचं मूल वस्तू खाली टाकून पाहतं, कारण ती पडते कशी हे त्याला कळून घ्यायचं असतं. दोन वर्षांच्या मुलाला वाटून घेणं जमत नाही, ‘माझं’ हेच त्याला नुकतं कळलेलं असतं. पाहुण्यांच्या मुलाला खेळणं दे म्हणून त्याच्या हातातून ओढून घेऊ नका; लाडकी दोन खेळणी पाहुणे यायच्या आधीच कपाटात ठेवा आणि बाकीची मधे मांडा. तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी एक-दोनच सूचना लक्षात राहतात. ‘हात धू, कपडे बदल आणि दप्तर जागेवर ठेव’ या वाक्यातलं त्याने बहुतेकदा फक्त शेवटचं ऐकलेलं असतं. चार वर्षांचं मूल कल्पनेतलं खरं म्हणून सांगतं. त्याला खोटारडा म्हणायची घाई नको.

सूचना देताना काय करायचं ते सांगा. ‘पळू नकोस’ ऐकलं की मुलाच्या डोक्यात पळणंच येतं. ‘माझा हात धरून चाल’ हे त्याला करता येतं. वेळेचंही तसंच. ‘पाच मिनिटांत निघायचंय’ याला त्याच्या लेखी अर्थ नाही. ‘अजून तीनदा घसरगुंडी, मग चपला घालायच्या’ हे मोजता येतं.

चौथी पायरी: आकांडतांडव चालू असताना

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण घराची शांतता बहुतेक वेळा इथेच बिघडते.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी लहान मुलांच्या अशा प्रसंगांचा तपशीलवार अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की राग, म्हणजे किंचाळणं, लाथा मारणं, फेकाफेक, सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि मग उतरत जातो. दुःख, म्हणजे रडणं, मुसमुसणं, कुणाच्या तरी जवळ जावंसं वाटणं, हळूहळू वाढत जातं. यातून पालकांना फार उपयोगी पडणारी गोष्ट मिळते. राग शिगेला असताना काहीही समजावू नका. प्रश्न विचारला की तो आणखी भडकतो. त्या वेळी एवढंच पाहायचं की कुणाला लागत नाही ना. किंचाळण्याचं रडं झालं की तो जवळ घ्यायचा क्षण.

एक प्रसंग जवळून पाहू. सोसायटीची लिफ्ट. बाबांच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात अडीच वर्षांचा मुलगा. घाईत बाबा चौथ्या मजल्याचं बटण दाबतात. मुलगा ‘मीऽऽ दाबणार होतो!’ म्हणून जो सूर लावतो, तो दार उघडेपर्यंत जमिनीवर आडवा झालेला असतो. शेजारच्या काकू दारातून बघतायत. बाबा म्हणतात, ‘अरे, त्यात काय एवढं? उद्या दाब.’ रडणं दुप्पट होतं.

त्याच्या दृष्टीने एवढंच एक काम दिवसभरात त्याचं स्वतःचं होतं. कपडे दुसऱ्यांनी घातले, घास दुसऱ्यांनी भरवला, कुठे जायचं तेही दुसऱ्यांनी ठरवलं.

बाबांनी काय करायचं? पिशवी खाली ठेवायची. त्याच्या उंचीला यायचं, म्हणजे उकिडवं बसायचं. आवाज खाली आणायचा. मुलाहून वरचा आवाज लावला की तो आणखी वर जातो. एक छोटं वाक्य: ‘तुला दाबायचं होतं. बाबाने दाबलं. राग आला.’ आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत कठीण असतं. मिनिट-दोन मिनिटांत सूर बदलतो, ‘बाबाऽऽ’ असं रडं येतं, हात पुढे येतात. उचलून घ्यायचं. तो निवला की ‘चल, खाली जाऊन येऊ, या वेळी तू दाब.’

हे वाचून कुणी म्हणेल, मग तो डोक्यावर बसेल. नाही बसणार. बटण दाबू न देणं हा घरचा नियम नव्हता, घाईत झालेली गोष्ट होती. ती परत करण्यात काही बिघडत नाही. चौथं चॉकलेट मागून तो लोळला असता तर बाबांनी उकिडवं बसायचं, राग समजून घ्यायचा, जवळही घ्यायचं, पण चॉकलेट द्यायचं नाही. माया आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रडतंय म्हणून माया आखडू नका आणि रडतंय म्हणून नियम सोडू नका.

मोबाइल हातात देऊन रडणं बंद करणं सोपं आहे, मान्य. पण मुलाला स्वतःहून निवण्याचा सराव त्यामुळे मिळत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाही आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असा आहे. गावी असलेल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो. तो एक तास कुठल्याही कारणाने दिला तरी निदान रडण्यावरचा उतारा म्हणून देऊ नका.

पाचवी पायरी: नियम थोडे, पण पक्के

घरातले ‘नाही’ मोजून पाहा. फुलदाणी, रिमोट, देव्हाऱ्यातली समई, पाण्याचा माठ, सगळ्याला दिवसभर ‘नाही, नाही’ चाललं की गॅसजवळच्या ‘नाही’लाही वजन उरत नाही. फुटणारं वर ठेवा. मुलाला हात लावायला एक खालचा कप्पा द्या: वाट्या, डबे, जुनी लाटणी. ‘मीच करणार’ म्हणणाऱ्या मुलाला खरं काम द्या. मटार सोलणं, पोळीच्या कणकेची गोळी, ताटं मांडणं, झाडाला तांब्याने पाणी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला वाढलं. तिथली साधनं महागडी नव्हती, परिसरात मिळेल त्यातून केलेली होती. आपल्या स्वयंपाकघरात तर ती आयतीच आहेत.

तीनच पक्के नियम पुरेत: मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, विस्तव-विजेला हात लावायचा नाही. मूल मारू लागलं की त्याचा हात हळूच पण घट्ट धरा आणि म्हणा, ‘मी मारू देणार नाही. राग आलाय तर उशीवर हात आपट.’ चावलं तर आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. चावणाऱ्याला त्या क्षणी मोठं भाषण नको. ‘तुलाही चावून दाखवू का’ हे तर मुळीच नको.

फटक्याबद्दल स्पष्ट बोलते. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-कायलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतलं संशोधन एकत्र करून मांडलं, त्यात दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती होती. मार खाणाऱ्या मुलांमध्ये ऐकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आक्रमकपणा जास्त दिसला, मनाचे त्रास जास्त दिसले, आई-वडिलांशी नातं कमी जवळचं दिसलं. ‘आम्ही खाल्लाच ना मार’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने म्हणतात. मला ते ऐकून वाईट वाटतं, कारण म्हणणाऱ्याला तो प्रसंग चाळीस वर्षांनीही लख्ख आठवत असतो.

आणखी एक सवय सोडा. मूल धडपडलं की आपण जमिनीला ‘हात्त’ करतो: ‘कुणी पाडलं बाळाला? याला मारू हं!’ मायेने करतो, पण लागलं की कुणाला तरी मारायचं, हा धडा मुलाला तिथेच मिळतो. ‘लागलं? कुठे? दाखव बघू’ म्हणा, फुंकर घाला. बागुलबुवा, पोलीस, सुईवाले डॉक्टर यांची भीतीही घालू नका. ज्या डॉक्टरांकडे उद्या ताप घेऊन जायचं, त्यांची भीती आजच घातली तर त्यांच्या दारात रडण्याला जबाबदार कोण?

सहावी पायरी: घरात एकमत

आईने नाही म्हटलेलं आजी पदराआडून देते. आजीची बाजू अशी की तिने चार मुलं वाढवली, तिला आता नातवंडाचं रडू पाहवत नाही. वाद मुलासमोर नको. रात्री मूल झोपल्यावर बसा आणि ते तीन नियम सगळ्यांनी मिळून ठरवा. त्यापलीकडचं आजी-आजोबांवर सोडा. आजीच्या खोलीत लाडू जास्त मिळतो, आईकडे नाही, एवढा फरक मुलाला सहज कळतो, आणि त्यात त्याचं नुकसान नाही. बोलताना ‘आई, तुम्ही त्याला बिघडवताय’ ऐवजी ‘आई, संध्याकाळी तो फार चिडतो, तुम्ही त्या वेळी त्याला गोष्ट सांगाल का? तुमच्याकडे तो शांत बसतो’ असं म्हटलं तर काम होतं. आणि ते खरंही असतं.

बालवाडीत सोडताना लपून पळ काढू नका. मुलाची नजर चुकवून गेलात तर दुसऱ्या दिवशीपासून ते तुम्हाला नजरेआड होऊच देत नाही. थोडक्यात निरोप घ्या: ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली, की मी येते.’ आणि त्या वेळेला या.

सातवी पायरी: रोजची दहा मिनिटं

दिवसातली दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. खेळ मूल ठरवणार. तुम्ही शिकवायचं नाही, ‘हा कोणता रंग?’ विचारायचं नाही. ते करतंय ते नुसतं बोलत राहा: ‘अच्छा, गाडी पलंगाखाली चालली.’ दोघं नोकरी करत असाल तर पाळणाघरातून आणल्यावर लगेच ही दहा मिनिटं द्या, कुकर नंतर लावा. दिवसभर आवरून धरलेलं सगळं मूल तुमच्यापाशी येऊन सोडतं. ते तुम्हाला त्रास द्यायला नाही. तिथेच ते सोडता येतं म्हणून.

आपलाच आवाज चढला तर

चढतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आई आणि तान्ह्या बाळांचं निरीक्षण सुरू केलं. त्यातून पुढे दिसलं की चांगल्या जोडीतही निम्म्याहून जास्त वेळ दोघांचा सूर जुळलेला नसतो. महत्त्वाचं ठरतं ते पुन्हा जुळवून घेणं. म्हणून ओरडलात तर थोड्या वेळाने जवळ जाऊन सांगा: ‘मी मोठ्याने ओरडले. तू घाबरलास ना? तसं ओरडायला नको होतं.’ इथे थांबा. ‘पण तूसुद्धा…’ असं पुढे जोडू नका. रागाच्या भरात हात उगारला जाईल असं वाटलं, तर मुलाला सुरक्षित जागी बसवून दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या.

डॉक्टरांकडे केव्हा

वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलणं थांबलंय, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणून थांबू नका. आकांडतांडव वारंवार पंधरा मिनिटांहून जास्त चालतं, मूल स्वतःला इजा करतं, पाच वर्षांनंतरही ते कमी होत नाही, तरीही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तारीख सेविकांकडे विचारा. पुढच्या तपासणीसाठी अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं आहेत. डॉक्टरांकडे जाताना अशा एखाद्या प्रसंगाचा छोटा व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं बसतं.

आणि आईकडेही पाहा. सतत रडू येतंय, मुलाजवळ जावंसं वाटत नाही, झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नाही, असं असेल तर तो आईचा कमकुवतपणा नाही, आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत फोन करता येतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.